फूट पक्षाची, पेच कोणाचा?

कर्नाटक विधानसभेत २३ जुलै २०१९ रोजी एच. डी. कुमारस्वामी यांच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने ९९ आणि विरोधात १०५ मते पडली आणि चौदा महिन्यांचे आघाडी सरकार कोसळले. त्याआधीचे तीन आठवडे ‘कर्नाटकातील राजकीय संकट’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ठाण मांडून होता. राजीनामे दिलेले आमदार मुंबईत मुक्कामाला होते. त्यांची मनधरणी करण्यास गेलेले डी. के. शिवकुमार पवईतील हॉटेलच्या दारातच अडवले गेले. राज्यपाल मुदती घालून देत होते, सत्ताधारी त्या ओलांडत होते आणि सर्वोच्च न्यायालयात दोन्ही बाजूंचे वकील उभे होते. संकट म्हणावे असे सारे काही या दृश्यात होते.

या गदारोळाचा स्पर्श बंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा मतदारसंघाला मात्र झाला नाही. व्हाइटफील्ड, मारतहळ्ळी, बेळ्ळंदूर असा माहिती-तंत्रज्ञानाचा पट्टा पोटात घेणारा हा मतदारसंघ मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००८ साली प्रथम अस्तित्वात आला. तो अनुसूचित जातींसाठी राखीव असून पहिल्या निवडणुकीपासून भारतीय जनता पक्षाकडे आहे. तेथील तत्कालीन आमदार अरविंद लिंबावळी यांच्यापुढे पक्ष सोडण्याचा प्रश्नच नव्हता. लगतच्या कृष्णराजपुरममध्ये आणि होसकोटे येथे परिस्थिती निराळी होती. कृष्णराजपुरमचे भैरती बसवराज आणि होसकोट्याचे एम. टी. बी. नागराज हे दोघेही काँग्रेसचे आमदार. दोघांनीही राजीनामे दिले, दोघेही अपात्र ठरले आणि डिसेंबर २०१९ च्या पोटनिवडणुकीत दोघेही भाजपचे उमेदवार म्हणून उभे राहिले. कृष्णराजपुरमच्या मतदारांनी त्याच माणसाला नव्या चिन्हावर निवडून दिले. होसकोट्याच्या मतदारांनी नागराज यांना घरी पाठवून शरत बच्चेगौडा या अपक्षाला विधानसभेत धाडले.

म्हणजे एकमेकांना खेटून असलेल्या तीन मतदारसंघांत एकाच ‘संकटा’चे तीन अर्थ झाले. एका ठिकाणी काही घडलेच नाही. दुसऱ्या ठिकाणी आमदार तोच राहिला, पक्ष बदलला. तिसऱ्या ठिकाणी आमदारही बदलला आणि निवडून आलेला माणूस कोणत्याच मोठ्या पक्षाच्या तिकिटावरचा नव्हता. पक्षातील फूट हे राजकीय संकट मानावे काय, हा प्रश्न त्यामुळे दिसतो तितका पुस्तकी नाही. नोकरीच्या निमित्ताने कर्नाटकात स्थिरावलेल्या मराठी माणसाला तो दुहेरी पडतो. इकडे त्याने २०१९ पाहिले. तिकडे गावाकडे २०२२ आणि २०२३ पाहिले.

शब्द एक, अर्थ अनेक

राजकीय संकट हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. पक्षाचे नेतृत्व डळमळले की तो वापरला जातो, सरकार अल्पमतात गेले की तो वापरला जातो आणि घटनात्मक यंत्रणा ठप्प झाली तरीही तोच वापरला जातो. वास्तविक या तीन अवस्था परस्परांहून भिन्न आहेत. पक्षाचे संकट हे त्या पक्षाच्या कार्यकर्त्यांचे दुःख होय. सरकारचे पतन ही संसदीय लोकशाहीतील नियमित घटना होय. सभागृहाचा विश्वास गमावलेल्या मुख्यमंत्र्याने पायउतार व्हावे, यासाठीच तर सभागृह असते. तिसरी अवस्था मात्र चिंतेची. निर्णय ज्यांनी द्यायचा ते देत नाहीत, खुर्च्या रिकाम्या राहतात आणि जनतेने जाब कोणाला विचारायचा हे कोणालाच सांगता येत नाही, तेव्हा संकट हा शब्द सार्थ ठरतो.

हा भेद ध्यानी घेतला तर फुटीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. फूट किती मोठी, नेता किती थोर, आमदार किती गेले, यांवरून संकटाची खोली ठरत नाही. फुटीनंतर राज्याला उत्तरदायी कोण, या प्रश्नाचे उत्तर किती दिवस अनिर्णित राहिले, त्यावरून ती ठरते. कर्नाटकाचा आणि महाराष्ट्राचा गेल्या साडेपाच दशकांचा इतिहास या कसोटीला चांगला उतरतो.

बंगळुरूत पडलेली ठिणगी

स्वतंत्र भारतातील सर्वांत मोठ्या पक्षफुटीची ठिणगी बंगळुरूतच पडली. जुलै १९६९ मध्ये काँग्रेसचे नेते येथे जमले असताना राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी संसदीय मंडळात मतदान झाले आणि इंदिरा गांधी यांच्या इच्छेविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांचे नाव पक्के झाले. यशवंतराव चव्हाण यांनी त्या वेळी रेड्डी यांच्या बाजूने मत दिले आणि पुढे फूट पडली तेव्हा ते इंदिरा गांधींसोबत राहिले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. पक्षाध्यक्ष एस. निजलिंगप्पा हे याच राज्याचे माजी मुख्यमंत्री. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी पंतप्रधानांनाच पक्षातून काढण्यात आले.

पंतप्रधानांची पक्षातून हकालपट्टी होते, याहून मोठी फूट कोणती असू शकते? तरीही केंद्र सरकार पडले नाही. इंदिरा गांधी यांनी कम्युनिस्ट, द्रमुक यांच्या पाठिंब्यावर कारभार चालवला, डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित केली आणि मार्च १९७१ मध्ये मतदारांनी त्यांच्या पक्षाला ३५२ जागा देऊन वादाचा निकाल लावला. खरी काँग्रेस कोणती, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत पुढेही चालला असेल. राजकारणात तो तेथेच संपला.

राज्याची गोष्ट वेगळी झाली. तत्कालीन म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री वीरेंद्र पाटील निजलिंगप्पांच्या गटात राहिले आणि फुटीनंतरही सव्वा वर्षाहून अधिक काळ त्यांचे सरकार चालले. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील सर्वच्या सर्व २७ जागा इंदिरा काँग्रेसने जिंकल्या, आमदारांची रांग तिकडे लागली आणि सरकार गेले. त्यानंतर राज्यात एक वर्ष राष्ट्रपती राजवट होती. फूट १९६९ ची. राज्याला निर्वाचित सरकार नसणे १९७१ चे. या दोन घटनांना एकच नाव देणे बरोबर नाही.

एकोणीस पत्रांचा धडा

फूट आणि संकट यांतील सीमारेषा ज्या प्रकरणाने आखली, तेही कर्नाटकाचेच. रामकृष्ण हेगडे यांच्यानंतर ऑगस्ट १९८८ मध्ये एस. आर. बोम्मई मुख्यमंत्री झाले. एप्रिल १९८९ मध्ये के. आर. मोळकेरी या सत्ताधारी आमदाराने पक्ष सोडला आणि आपल्यासह सरकारचा पाठिंबा काढून घेणाऱ्या आमदारांची एकोणीस पत्रे राज्यपाल पी. वेंकटसुब्बय्या यांच्या हाती दिली. दुसऱ्याच दिवशी त्यांतील सात आमदारांनी आपल्या सह्या दिशाभूल करून घेतल्याचे कळवले. सभागृहात बहुमत सिद्ध करण्यास आपण तयार आहोत, असे बोम्मई यांनी सांगितले. राज्यपालांनी सभागृहाची वाट पाहिली नाही. २१ एप्रिल १९८९ रोजी राष्ट्रपती राजवट लागू झाली.

एकोणीस आमदार नाराज होणे ही जनता दलातील फूट होती. ती मोजण्याची जागा विधानसभा होती आणि विधानसभेचे दार उघडे होते. दार न उघडता राजभवनात पत्रे मोजली गेली, तेव्हा फुटीचे संकट झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ११ मार्च १९९४ रोजी हेच सांगितले: बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हायला हवी, राज्यपालांच्या खाजगी अनुमानावर नव्हे. कर्नाटकातील ती राष्ट्रपती राजवट घटनाबाह्य ठरली. मात्र या निवाड्याचा बोम्मई यांच्या खुर्चीला काही उपयोग नव्हता. मधल्या काळात, १९८९ च्या अखेरीस, निवडणुका होऊन नवे सरकार आले होते. न्याय मिळाला, पण पाच वर्षे उशिरा. आणि हा उशीर पुढच्या प्रत्येक प्रकरणात सोबतीला राहिला.

याच राज्यात विनासंकट फुटीचीही उदाहरणे आहेत. जुलै १९९९ मध्ये जनता दल दुभंगले. देवेगौडा यांचा गट एकीकडे आणि मुख्यमंत्री जे. एच. पटेल, शरद यादव यांचा गट दुसरीकडे गेला. निवडणूक आयोगाने दोन्ही गटांना वेगळी नावे दिली आणि जुने ‘चक्र’ चिन्ह गोठवले. लगोलग निवडणुका झाल्या, मतदारांनी काँग्रेसला सत्ता दिली आणि विषय मिटला. २०१२ मध्ये बी. एस. येडियुरप्पा यांनी भाजप सोडून कर्नाटक जनता पक्ष काढला. सरकार मुदतीपर्यंत टिकले. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत भाजप ४० जागांवर घसरला आणि येडियुरप्पांच्या पक्षाला ६ जागा मिळाल्या. दोघांचेही नुकसान झाले, राज्याचा कारभार मात्र अडला नाही. त्याही निवडणुकीत महादेवपुरा भाजपकडेच राहिला.

ब्रिटनमध्ये १९८१ साली मजूर पक्षातून चार ज्येष्ठ नेते बाहेर पडून त्यांनी सोशल डेमोक्रॅटिक पक्ष काढला आणि अडीच डझनांच्या आसपास खासदार त्यांच्यामागे गेले. कोणी अपात्र ठरले नाही, कोणाला हॉटेलात ठेवावे लागले नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांतील बहुतेकांचा पराभव झाला. वैचारिक मतभेदातून पक्ष दुभंगणे हा लोकशाहीच्या प्रकृतीचा भाग आहे, असे तेथील व्यवस्था मानते. आपल्याकडील व्यवस्थेने निराळी वाट धरली.

कायद्यातून वगळलेला शब्द

‘आयाराम गयाराम’ संस्कृतीला आवर घालण्यासाठी १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. त्यात फुटीला जागा होती: विधिमंडळ पक्षातील एक तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती फूट मानावी आणि त्यांना अपात्र ठरवू नये, अशी तरतूद होती. या सवलतीचा इतका गैरवापर झाला की २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती रद्द केली. ती रद्द झाल्यापासून कायद्याच्या दृष्टीने फूट नावाची बचावाची ढाल उरलेली नाही. दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणारे दुसऱ्या पक्षातील विलीनीकरण तेवढे राहिले.

कायद्याने शब्द पुसला म्हणून फुटी थांबल्या नाहीत. त्यांनी वाटा बदलल्या, आणि या वाटा समजून घेतल्याखेरीज गेल्या काही वर्षांचे राजकारण उलगडत नाही.

पहिली वाट कर्नाटकाची. आमदाराने पक्ष न फोडता राजीनामा द्यायचा, सभागृहाची एकूण संख्या घटवायची, बहुमताचा आकडा खाली आणायचा आणि पोटनिवडणुकीत नव्या पक्षाकडून उभे राहायचे. २००८ मध्ये ११० जागांवर अडलेल्या भाजपने ही युक्ती यशस्वी केली आणि ‘ऑपरेशन कमळ’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. २०१९ मध्ये तिचीच मोठी आवृत्ती निघाली. विधानसभाध्यक्ष रमेश कुमार यांनी एकूण १७ आमदारांना सभागृहाची मुदत संपेपर्यंत अपात्र ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१९ रोजी अपात्रता कायम ठेवली. पण मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवण्यास मनाई करण्याचा अधिकार अध्यक्षांना नाही, असे म्हटले. हा निवाडा कायद्याच्या पुस्तकांत ज्या नावाने ओळखला जातो ते नाव मराठी आहे: श्रीमंत बाळासाहेब पाटील. मिरजेला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यातील कागवाडचे हे आमदार राजीनामा न देता विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी गैरहजर राहिले होते.

दुसरी वाट गोव्याची. १० जुलै २०१९ रोजी, म्हणजे शिवकुमार पवईत अडवले गेले त्याच दिवशी, गोव्यातील काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये विलीन होत असल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदारांनी तोच मार्ग चोखाळला. काँग्रेस पक्ष जागेवरच होता. आमदार तेवढे ‘विलीन’ झाले.

तिसरी वाट महाराष्ट्राची. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासोबत सुरतमार्गे गुवाहाटीला गेलेल्या आमदारांनी राजीनामे दिले नाहीत आणि ते कोठे विलीनही झाले नाहीत. मूळ शिवसेना आम्हीच, असा त्यांचा दावा होता. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये अजित पवार यांनी याच दाव्याची पुनरावृत्ती केली. फूट पडली असे म्हणायचेच नाही, कारण तसे म्हटले की संरक्षण नाही. म्हणून दोन्ही गटांनी आपण अखंड आहोत असे सांगायचे. मराठी राजकारणातील ही भाषिक कसरत कायद्यातून वगळलेल्या त्या एका शब्दाची देणगी आहे.

निवाड्याचे घड्याळ

या तिन्ही वाटांवर एक गोष्ट समान दिसते. निर्णय येईपर्यंत निर्णयाची गरज संपलेली असते. गोव्यातील २०१९ च्या विलीनीकरणावर विधानसभाध्यक्षांचा निकाल एप्रिल २०२१ मध्ये आला आणि उच्च न्यायालयाचा २४ फेब्रुवारी २०२२ रोजी. तोवर नव्या विधानसभेसाठी मतदान होऊन दहा दिवस लोटले होते. महाराष्ट्रात घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी महत्त्वाचे तत्त्व सांगितले: पक्षांतर्गत वाद मिटवण्याचे साधन म्हणून राज्यपालांना बहुमत चाचणी वापरता येत नाही. जे तत्त्व बोम्मई प्रकरणाने कर्नाटकात घडवले, त्याची दुसरी बाजू महाराष्ट्राच्या प्रकरणात पुढे आली. बोम्मई यांच्या वेळी राज्यपालांनी सभागृह टाळले. उद्धव ठाकरे यांच्या वेळी पुरेसा आधार नसताना सभागृह बोलावले. ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिला असल्याने त्यांचे सरकार परत आणणे न्यायालयाला शक्य झाले नाही. अपात्रतेच्या अर्जांवर अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचा निकाल १० जानेवारी २०२४ रोजी आला, अर्ज दाखल झाल्यापासून सुमारे दीड वर्षाने. त्यात कोणत्याच गटाचा आमदार अपात्र ठरला नाही. या निकालाविरुद्धची दाद सर्वोच्च न्यायालयात तडीस जाण्यापूर्वी विधानसभेची मुदत संपली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या निवडणुका झाल्या.

अध्यक्षांनी अशा अर्जांचा निकाल साधारणतः तीन महिन्यांत द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये म्हटले आणि हे काम स्वतंत्र लवादाकडे सोपवण्याचा विचार संसदेने करावा, असेही सुचवले. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या अध्यक्षांना न्यायालयाला पुन्हा तीन महिन्यांचीच मुदत घालून द्यावी लागली. पाच वर्षांनंतर तेच सांगावे लागते, यावरून रोग फुटीचा आहे की निवाड्याच्या घड्याळाचा, हे उघड होते.

पूर आणि रिकाम्या खुर्च्या

या दिरंगाईची किंमत कोण मोजतो, याचे उत्तर ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णाकाठी मिळाले. येडियुरप्पा यांचा शपथविधी २६ जुलै रोजी झाला. ३१ जुलैनंतर खर्चाला मंजुरी उरणार नव्हती, म्हणून वित्तीय विधेयक २९ जुलै रोजी घाईने संमत करून घ्यावे लागले. मंत्रिमंडळाचा विस्तार मात्र २० ऑगस्टपर्यंत झाला नाही. हे २५ दिवस राज्याचे मंत्रिमंडळ म्हणजे एकटे मुख्यमंत्री होते. नेमक्या याच दिवसांत कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांना महापूर आला. सांगली-कोल्हापूर बुडाले तसे बेळगाव जिल्ह्यातील तालुकेही बुडाले. मुख्यमंत्र्यांनी पूरग्रस्त भागाचे दौरे केले हे खरे. पण महसूल, पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम या खात्यांना स्वतंत्र मंत्री नव्हते. आणि बेळगाव जिल्ह्यातील कागवाड, अथणी व गोकाक या तीन मतदारसंघांना तर आमदारही नव्हता, कारण तिघेही नुकतेच अपात्र ठरले होते.

त्या जागा डिसेंबरपर्यंत रिकाम्या राहिल्या. इतरत्र याहून वाईट घडले. रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे २०१८ च्या निकालाविरुद्धची याचिका प्रलंबित असल्यामुळे पोटनिवडणूक लांबली; मतदान १७ एप्रिल २०२१ रोजी झाले. रिक्त जागा सहा महिन्यांत भरावी अशी कायद्याची सर्वसाधारण अपेक्षा असताना मस्कीचे मतदार एकवीस महिने प्रतिनिधीविना राहिले आणि त्या काळात करोनाची पहिली लाट येऊन गेली. सरकार जुलै २०१९ मध्येच स्थिर झाले होते. मस्कीचे संकट २०२१ पर्यंत चालू होते आणि त्याला मथळा मिळाला नाही.

महाराष्ट्रातही हेच घडले. ३० जून २०२२ ते ९ ऑगस्ट २०२२ असे चाळीस दिवस एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस या दोघांचेच मंत्रिमंडळ होते आणि त्या जुलैत विदर्भ-मराठवाड्याला अतिवृष्टीने झोडपले. पालकमंत्री नेमले गेले ते २४ सप्टेंबर रोजी. जिल्हा नियोजनाच्या बैठका कोणाच्या अध्यक्षतेखाली घ्यायच्या, हा प्रश्न त्या तीन महिन्यांत जिल्हाधिकारी कचेऱ्यांमध्ये काम केलेल्यांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

महादेवपुऱ्याची मोजपट्टी

या मोजपट्टीने पाहिले तर महादेवपुऱ्यालाही संकटाने गाठले, पण ते वेगळ्या दाराने आले. येथे आमदार फुटला नाही. येथे नगरसेवकच नव्हते. बृहत् बंगळुरू महानगरपालिकेची शेवटची निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये झाली. सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि प्रशासक आले. महापालिकेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे ७४ वी घटनादुरुस्ती सांगते. प्रत्यक्षात प्रभागरचना, आरक्षण आणि नवे कायदे यांच्या वादात पाच वर्षे गेली. सप्टेंबर २०२२ च्या पावसात बाह्य वर्तुळाकार रस्ता आणि बेळ्ळंदूर-यमलूरचा परिसर पाण्याखाली गेला, आलिशान वसाहतींतील रहिवाशांना ट्रॅक्टर आणि नावांतून बाहेर काढावे लागले, तेव्हा प्रभागाचा निर्वाचित प्रतिनिधी म्हणून जाब विचारावा असा माणूस अस्तित्वातच नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये जुनी महापालिका जाऊन पाच नव्या महापालिका स्थापन झाल्या आणि महादेवपुरा बंगळुरू पूर्वमध्ये गेला. निर्वाचित सभागृहाविना गेलेली पाच वर्षे त्यामुळे परत येत नाहीत. मुंबईत वेगळे घडले नाही: तेथील महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदानाला जानेवारी २०२६ उजाडले. शिवसेना फुटली त्याची चर्चा घराघरांत झाली. तिच्या बालेकिल्ल्याचे सभागृह जवळपास चार वर्षे कुलूपबंद होते याची तेवढी झाली नाही.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड हा मेट्रोचा मार्ग २५ मार्च २०२३ रोजी सुरू झाला. त्याच्या बांधकामाच्या काळात सिद्धरामय्या, कुमारस्वामी, येडियुरप्पा आणि बसवराज बोम्मई असे मुख्यमंत्री होऊन गेले. काम रेंगाळले, पण थांबले नाही, कारण त्यासाठी नेमलेली संस्था, निधी आणि जबाबदारी निश्चित होती. सत्तांतर सोसण्याची ताकद यंत्रणेत असेल तर सरकार पडले तरी खांब उभे राहतात.

महादेवपुऱ्याचे नाव देशभर गाजले ते अखेर फुटीमुळे नव्हे, तर मतदारयादीमुळे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बंगळुरू मध्य मतदारसंघात भाजपचे पी. सी. मोहन ३२,७०७ मतांनी विजयी झाले आणि एकट्या महादेवपुऱ्यात त्यांना १,१४,०४६ मतांची आघाडी होती. ७ ऑगस्ट २०२५ रोजी राहुल गांधी यांनी या विधानसभा मतदारसंघातील यादीत १,००,२५० बनावट मते असल्याचा आरोप केला. निवडणूक आयोगाने आरोप फेटाळला आणि तक्रार शपथेवर द्यावी, असे म्हटले. या वादाचे तथ्य तपासाने ठरेल. पण त्याचे गांभीर्य कोणत्याही फुटीहून मोठे आहे. १९७१ असो, १९९९ असो वा डिसेंबर २०१९, प्रत्येक फुटीचा शेवटचा निवाडा मतदारांनी केला. त्या न्यायपीठाच्या नोंदवहीवरच शंका घेतली गेली, तर पुढच्या फुटीचा निकाल कोणी लावायचा? कामासाठी घर बदलणारा, एका गावी नाव आणि दुसऱ्या गावी पत्ता असलेला स्थलांतरित हा या वादाच्या केंद्रस्थानी आहे. मराठी स्थलांतरितांनी आपले नाव कोठे आहे आणि कोठे असू नये, हे तपासणे म्हणूनच नुसती कागदपत्रांची बाब राहत नाही.

फुटीला संकट न मानण्याचा एक धोका आहे, हे मान्य करायला हवे. एका चिन्हावर मते मागून दुसऱ्या चिन्हाला सत्ता देणे ही मतदारांशी प्रतारणा आहे, हा आक्षेप निराधार नाही. मात्र मतदारांनी या प्रतारणेला एकसारखी शिक्षा दिलेली नाही. कृष्णराजपुरमने भैरती बसवराज यांना २०२३ मध्येही निवडून दिले. कागवाडने श्रीमंत पाटील यांना २०१९ मध्ये स्वीकारले आणि २०२३ मध्ये नाकारून राजू कागे यांना पाठवले. आणि कागे हेही भाजप सोडून काँग्रेसमध्ये आलेले. मतदार निष्ठेची परीक्षा घेतात, तशी कामाचीही घेतात. कोणत्या वेळी कोणती, हे ते स्वतः ठरवतात. त्यांना ते ठरवता यावे इतकीच व्यवस्थेकडून अपेक्षा आहे. त्यासाठी सभागृह वेळेत भरावे, अध्यक्षांनी तीन महिन्यांत निकाल द्यावा, रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी आणि महापालिकेची निवडणूक पाच वर्षांनी व्हावी. यांतील एकही मुदत नवी नाही. काही घटनेत लिहिल्या आहेत, काही कायद्यात, काही न्यायालयाच्या निवाड्यांत. पुढची फूट कोणत्या पक्षात पडेल हे सांगता येत नाही. ती पडेल तेव्हा या चार मुदतींपैकी किती पाळल्या गेल्या, ते मोजता येईल.